पेटीचा हात, सिंथची पट्टी

बडोद्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देतो.

‘मी दांडिया बाजारात राहते, वय बावन्न. गेली वीस-बावीस वर्षं आमच्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवते. लहानपणी सूरसागरजवळच्या म्युझिक कॉलेजात गाण्याला जात होते, तेव्हाच पेटी हाताला लागली. यंदा भाच्याने एक जुना सिंथ (सिंथेसायझर) घेऊन दिला, ६१ पट्ट्यांचा. म्हणाला, गणपतीत अभंगांना आणि नवरात्रात सोसायटीच्या गरब्याला, दोन्हीकडे चालेल. पण माझ्या हातून त्यावर एक सूर पुसट येतो आणि पुढचा एकदम अंगावर येतो. पियानो लावला तर निम्मे सूर ऐकूच येत नाहीत. बासरी मध्येच किंचाळते. पेटीचा आवाज लावला तरी तीच तऱ्हा. मधल्या सप्तकातली एक काळी पट्टी तर कायम ओरडते. भाचा म्हणतो, टच बंद करून टाक. दुकानदार म्हणतो, हा विका आणि जड पट्ट्यांचा घ्या. मला वाटतं, माझं बोटच बिघडलं आहे. काय करू?’

ताई, नमस्कार.

तुमचं बोट बिघडलेलं नाही. हे आधी सांगतो, कारण पत्रातलं ते शेवटचं वाक्य मला लागलं. मीही पेटीवरूनच इकडे आलो आणि पहिलं वर्षभर मलाही असंच वाटत होतं. वीस वर्षांत तयार झालेला हात महिन्याभरात बिघडत नाही. तुमच्या हाताला आजवर जी गोष्ट कुणी विचारलीच नव्हती, नेमकी तीच हे वाद्य मोजतं आहे, एवढाच प्रश्न आहे.

पेटीची पट्टी दाबली की आत झडप उघडते आणि हवा रीडवरून वाहते. पट्टी हळू दाबा नाहीतर आपटा, सूर तेवढाच येतो. तो लहानमोठा करतो भाता. म्हणजे इतकी वर्षं ‘कोणता सूर’ हे तुमचा उजवा हात ठरवत आला आणि ‘किती’ हे डावा. सिंथने डाव्या हाताचं काम काढून घेतलं आणि दोन्ही प्रश्न उजव्याच बोटांवर टाकले.

हे बोटांना कसं विचारलं जातं ते बघितल्याशिवाय सेटिंगला हात लावू नका. पट्ट्यांच्या खाली रबराची पट्टी असते, त्यावर प्रत्येक पट्टीसाठी घुमटासारखे दोन छोटे फुगवटे, आणि त्यांच्या पोटात काळ्या कार्बनचे ठिपके. पट्टी खाली जाताना एक ठिपका आधी टेकतो, दुसरा नंतर. या दोन टेकण्यांमध्ये किती वेळ गेला, तेवढंच आतलं सर्किट मोजतं. वेळ कमी तर सूर मोठा, वेळ जास्त तर सूर लहान. तुम्ही किती जोर लावला हे त्याला कळतच नाही, फक्त पट्टी किती वेगाने खाली गेली ते कळतं. म्हणून तर याला व्हेलॉसिटी, म्हणजे वेग, म्हणतात. भाचा म्हणतो तो टच हाच. एकदा टेकलेल्या पट्टीवर मागाहून कितीही भार दिला, तरी साध्या सिंथवर त्या सुराला काही फरक पडत नाही.

आता तुमची भजनातली एखादी ओळ डोळ्यांसमोर आणा. मुरकी घेताना बोटं भराभर पडतात, पट्ट्या झपकन खाली जातात. मग ज्या सुरावर थांबायचं, तो आपण पेटीवर निवांत, भरून दाबतो, बोट अलगद टेकवून. पेटीवर दोन्ही सारखेच वाजतात. सिंथवर मात्र मुरकी मोठी येते आणि न्यासाचा सूर पुसट. गाण्याचा तोलच उलटा होतो. तुम्ही लिहिलेलं ‘एक सूर पुसट, पुढचा अंगावर’ हे बहुतेक हेच आहे. पियानोत निम्मे सूर हरवतात त्याचं कारणही हेच, कारण पियानोचा टोन या वेगावर सगळ्यात जास्त अवलंबून असतो.

ती ओरडणारी काळी पट्टी मात्र यातून वेगळी काढा. सगळ्या पट्ट्यांवर होतं तो हाताचा किंवा सेटिंगचा प्रश्न, एकाच पट्टीवर कायम होतं तो बहुतेक धुळीचा. ठिपक्यावर धूळ किंवा ओल बसली की एक संपर्क वेळेवर लागत नाही आणि वेळेचं गणित चुकतं. मग काही वाद्यांत सूर पूर्ण जोराने फुटतो, काहींत येतच नाही. जुना घेतलेला सिंथ, त्यात बडोद्याचा पावसाळा, हे होणारच. कीबोर्ड उघडणाऱ्या माहीतगार माणसाकडून ती रबरपट्टी काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या फडक्याने अलगद पुसून घ्या. कार्बनचा ठिपका खरवडू देऊ नका, आणि तेलाचा फवारा तर मुळीच मारू देऊ नका. हे काम आधी करा. एक पट्टी खोटं बोलत असताना बाकीच्या साठ पट्ट्यांची सेटिंग तिच्याकडे बघून बदलली, तर सगळंच बिघडतं.

पट्टी दुरुस्त झाली की भाच्याला एक काम सांगा. सिंथ यूएसबीच्या वायरने मोबाइलला जोडायचा (जुन्या वाद्याला यूएसबी नसेल तर पाच पिनांच्या मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या आपसातल्या भाषेच्या, सॉकेटमधून यूएसबी करणारी वायर मिळते) आणि फोनवर एखादं फुकटचं मिडी मॉनिटर ॲप उघडायचं. १९८३ साली मिडी आली तेव्हापासून सगळ्या कंपन्यांची वाद्यं हा वेग १ ते १२७ या एकाच मापात बोलतात. शून्याचा अर्थ सूर सोडला. त्यामुळे वाद्य कुठलंही असलं तरी तुमचं प्रत्येक बोट किती आकड्याचं पडलं ते पडद्यावर दिसतं.

मग आकडे बघत बसू नका, गा. नेहमीचा एखादा अभंग मनात म्हणत वाजवा आणि आकडे भाच्याला लिहून घेऊ द्या. एकदा अगदी हळू, एकदा नेहमीसारखं, एकदा गजराला येतो तेवढ्या जोशात. माझा अंदाज सांगतो: नेहमीचं वाजवणं ६० ते ९० च्या आसपास पडत असेल, हळू वाजवलेलं त्याच्या खाली आणि जोशातलं ११० च्या वर, तर वाद्य तुमच्या हाताला जवळपास जुळलेलं आहे. नेहमीचंच ४० च्या खाली राहत असेल तर वाद्य तुमच्याकडून जास्त वेग मागतं आहे. नेहमीचंच ११० च्या पुढे जात असेल तर ते फार उतावळं आहे.

या चाचणीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. आकडे बऱ्यापैकी सारखे आले, तरीही कानाला सूर वरखाली वाटले, तर दोष टोनमध्ये आहे. आकडेच उड्या मारत असतील तर हातात किंवा कीबोर्डच्या सेटिंगमध्ये आहे. माणसं महिनोन्‌महिने चुकीच्या मेनूत शोधत बसतात, ती हे एवढं न पाहिल्यामुळे.

कारण या सेटिंग दोन असतात आणि राहतात दोन वेगवेगळ्या ठिकाणी. एक पूर्ण कीबोर्डची. तुम्ही वाद्याचं मॉडेल लिहिलेलं नाही, म्हणून जास्त दिसणाऱ्या दोन कंपन्यांचे शब्द सांगतो. रोलंडच्या बऱ्याच सिंथवर लाइट, मीडियम, हेवी असे तीन पर्याय असतात. यामाहाच्या घरगुती कीबोर्डांवर सॉफ्ट, मीडियम, हार्ड, आणि त्यांच्या सिंथवर नॉर्मल, सॉफ्ट, हार्ड, वाइड, फिक्स्ड (म्हणजे बोट कसंही पडलं तरी आकडा एकच). इथे शब्दाने फसायला होतं. सॉफ्ट म्हणजे आवाज मऊ होईल असं समजून माणूस ते निवडतो, आणि होतं उलटं. सॉफ्ट किंवा लाइट म्हणजे हलक्या बोटालाही मोठा आवाज. हार्ड किंवा हेवी म्हणजे मोठा आवाज हवा तर बोट वेगाने टाकावं लागेल. तेव्हा तुमचे आकडे खाली राहत असतील तर लाइट, वर पळत असतील तर हेवी. पेटीच्या हाताला बहुतेक वेळा लाइटच्या बाजूला जावं लागतं, पण आकडे बघूनच ठरवा.

दुसरी सेटिंग प्रत्येक टोनच्या आत असते: या टोनने बोटाच्या वेगाकडे किती लक्ष द्यायचं. आवाजाच्या बाबतीत वेगळं, आणि फिल्टरच्या, म्हणजे टोनच्या उजळपणाच्या बाबतीत वेगळं. पेटीच्या टोनमध्ये हे शून्यावर आणा. खरी पेटी बोटाच्या वेगाकडे लक्ष देत नाही, मग तिच्या नकलेने का द्यावं? ऑर्गनचा टोन आणि मागे धरून ठेवायचा तंबोऱ्यासारखा सूर, त्यांचंही तेच. भाच्याचा सल्ला इथे, आणि इथेच, बरोबर आहे. टोनमध्ये शिरता येत नसेल आणि टच बंद करायची सोय फक्त पूर्ण कीबोर्डची असेल, तर पेटीचा टोन असताना बंद आणि पियानो, सतार, संतूर यांना चालू, अशी अदलाबदल करावी लागेल. रजिस्ट्रेशनच्या, म्हणजे जुळवलेलं सगळं साठवून ठेवायच्या, बटणात ही सेटिंग टोनबरोबर साठते का, ते घरी एकदा करून बघा. साठत असेल तर मोठी सोय झाली.

बासरीचं किंचाळणं वेगळ्या कारणाने आहे. चांगल्या टोनमध्ये एकाच सुराची दोन-तीन वेगवेगळी रेकॉर्डिंग एकावर एक रचलेली असतात. हळू बोटाला सौम्य फुंकीचं, जोरात पडलेल्या बोटाला जोराच्या फुंकीचं. समजा दोन्हींमधली सीमा १०० वर आहे. तुमचं एक बोट ९८ चं पडलं आणि पुढचं १०२ चं. हाताला हा फरक जाणवणारही नाही, पण बासरीवाला मध्येच बदलल्यासारखं वाटतं. तुम्ही अशाच सीमेवर वाजवत आहात, असं मला वाटतं. बासरीपुरतं कीबोर्ड हेवीच्या बाजूला न्या, म्हणजे नेहमीची बोटं सीमेच्या बऱ्यापैकी खाली राहतील आणि वरची फुंक फक्त मनात असेल तेव्हाच येईल. टोनमधली व्हेलॉसिटीची संवेदना कमी केली की आवाज सपाट होतो, पण रेकॉर्डिंग बदलायचं थांबेलच असं नाही, हे लक्षात ठेवा.

आता भात्याबद्दल. माझं सगळ्यात जास्त म्हणणं इथेच आहे.

पेटीच्या टोनला बोटाचा वेग बंद केला की सूर सारखे येतील, पण गाणं मेल्यासारखं वाटेल. तुम्ही नाराज व्हाल आणि पुन्हा टच चालू कराल. असं करू नका. कमी पडतो आहे तो भाता, आणि तो आता पायात घ्यायचा. एक्सप्रेशन पेडल नावाचं एक पेडल मिळतं, शिवणयंत्राच्या पायट्यासारखं, पुढे दाबलं की आवाज वाढतो, मागे घेतलं की उतरतो. आपल्या संगीत नाटकांतला ऑर्गन असाच पायाने हवा भरून वाजायचा, आणि गाणाऱ्या नटाच्या मागे त्याचा सूर ज्या मायेने फुगायचा आणि ओसरायचा, ते पायाचंच काम होतं. तुमचा डावा हात इतकी वर्षं जे करत आला ते पायाला शिकवायला तुम्हाला फार दिवस लागणार नाहीत. श्वास कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा, हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. नवशिक्याला तेच शिकायला वर्षं लागतात.

पेडल घेताना दोन गोष्टी बघा. सस्टेनचं, म्हणजे सूर लांबवायचं, पेडल वेगळं, ते फक्त चालू-बंद होतं, त्याने आवाज चढत-उतरत नाही. आणि रोलंड व यामाहाच्या एक्सप्रेशन पेडलांची वायरिंग वेगवेगळी असते, एकाचं दुसऱ्याला लावलं तर नीट चालत नाही. म्हणून वाद्य बरोबर घेऊन जा, दुकानातच लावून बघा. तुमच्या सिंथला एक्सप्रेशनचं सॉकेटच नसेल तर डावा हात व्हॉल्यूमच्या बटणावर ठेवा. तुमच्यासाठी ते अवघड नाही, तो हात नाहीतरी भात्याशिवाय रिकामाच आहे.

बसण्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण मला शंका आहे. पेटीवाली माणसं सिंथ चौरंगावर ठेवून मांडी घालून बसतात. मग मनगट वर उचललं जातं आणि काळी चार, काळी पाच अशा काळ्या पट्टीला सा धरून गाताना बोटं पट्ट्यांच्या पार आत, मुळाशी पडतात. पट्टीची बिजागरी तिथंच मागे असते. तेवढ्याच जोराने आत दाबलेली पट्टी जड जाते, हळू खाली जाते, आणि आकडा उतरतो. बाहेरच्या टोकाला तोच जोर मोठा आवाज देतो. एकाच ओळीत बोट आत-बाहेर झालं की सूर डगमगतात. कोपराच्या उंचीला येईल असं स्टँड घ्या किंवा चौरंगाची उंची बदला, आणि पांढऱ्या पट्ट्या शक्यतो पुढच्या भागात दाबा. हा बदल फुकटचा आहे आणि मी शिकवतो त्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हाच करायला लावतो.

आणखी एक चूक मी स्वतः केली आहे, ती तुम्ही करू नये म्हणून सांगतो. घरी रात्री, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून बारीक आवाजात मी सेटिंग बसवली. बारीक आवाजात पुसट सूर ऐकू येत नाहीत, म्हणून लाइट केली. दुसऱ्या दिवशी गणपतीच्या मंडपात मोठ्या स्पीकरवर तीच सेटिंग इतकी भडक झाली की एका संथ अभंगात माझा एक सूर गायिकेच्या सुरावर आपटला. ती थांबली नाही, पण तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून मी घरी आवाज मोठा करूनच, दुपारच्या वेळी, सेटिंग ठरवतो. आणि मंडपात गेल्यावर ध्वनिवाल्याला सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठा, असे दोन्ही सूर आधी वाजवून दाखवतो, म्हणजे त्याला कुठपर्यंत वाढवायचं ते कळतं.

गरब्याचं गणित निराळं. ढोल जवळ असतो, टाळ्या असतात, मोकळं मैदान असतं, तिथे सुरांची बारीक चढउतार कुणाला ऐकू जात नाही आणि पुसट सूर तर गायबच होतो. तिथे शहनाई किंवा ब्रासच्या टोनला फिक्स्ड ठेवा, शंभर-एकशेदहाच्या आसपास, आणि निवांत वाजवा. हाताला जोर लावायची गरज उरत नाही, आणि नऊ रात्रींनंतर मनगट दुखणार नाही. पण आरतीला आलात की ते काढायला विसरू नका. आरतीत पियानो किंवा सतार घेतली आणि फिक्स्ड तसंच राहिलं, तर प्रत्येक सूर खिळा ठोकल्यासारखा येतो.

जड पट्ट्यांचं वाद्य आत्ता नको. पियानो शिकायचा असेल तर त्याला अर्थ आहे, कारण त्या पट्ट्यांत हातोडीचं वजन दिलेलं असतं आणि बोटांना त्या वजनाशी खेळायला शिकायचं असतं. भजनाला तो ८८ पट्ट्यांचा बोजा मंडळातल्या बायकांनी जिन्यावरून उचलून न्यायचा, आणि तुमच्या हलक्या, झटपट मुरक्या त्यावर अडखळायच्या. त्या पैशांत एक चांगलं पेडल आणि स्टँड येईल.

हाताला एकच सवय नवी लावा. रोज दहा मिनिटं, पियानोचा टोन, ॲप समोर. सा दाबा, आकडा बघा. मग सा रे ग म प असे वाजवा की पाचही आकडे त्याच्या जवळ पडतील. जमलं की मुरकीसह करा: मुरकीचे सूर लहान, थांबण्याचा सूर मोठा. ही गोष्ट पेटीवर कधी करावी लागली नाही, म्हणून पहिले काही दिवस चिडचिड होईल. थांबण्याचा सूर दाबताना बोट सावकाश न टेकवता वरून थोडं सोडायचं, एवढीच युक्ती आहे.

गणपतीला अजून वेळ आहे. काळ्या पट्टीची साफसफाई झाली की हळू, नेहमीचं आणि जोशातलं, असे तिन्हींचे आकडे आणि वाद्याचं मॉडेल मला लिहून पाठवा. लाइट की मीडियम, ते त्यावरून सांगतो, आणि तुमच्या सिंथला कोणतं पेडल लागेल तेही.